मालेगावचं कापड

“आईंना तुम्ही एकट्याच का?” डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, आणि स्नेहलने तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीवरून आई म्हणाली, “एकच. आम्ही ठरवूनच एकावर थांबलो.” महापालिकेच्या शाळेत उभी हयात काढलेल्या बाईचा तो आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, शब्दाशब्दाला पॉलिश केलेला. “गुड,” डॉक्टर म्हणाले आणि कागदावर काहीतरी खरडलं. विचारण्याचं कारण त्यांनी आधीच नीट समजावून सांगितलं होतं. पहिली मुलगी सहज झाली, मग आता चाळिशीच्या आतच अंडी इतकी कमी का, हे आईकडून आलंय का, आईला दुसऱ्या वेळी काही अडचण आली होती का, दिवस राहून गेले होते का, पाळी लवकर थांबली का. एवढं कळलं तर गोळ्यांचं प्रमाण ठरवायला बरं. आईने एकेका प्रश्नाला नाही, नाही, असं काहीच नाही, असं सांगितलं आणि शेवटी पदर सारखा केला. टेबलावर प्लास्टिकचं एक गर्भाशय ठेवलं होतं, त्याचा अर्धा भाग झाकणासारखा उघडत होता. स्नेहल त्याच्याकडे बघत राहिली. आई खोटं बोलत होती. आई खोटं बोलते आहे हे स्नेहलला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे आईला ठाऊक नव्हतं. तरी तोंड उघडून “आई, खरं सांग” असं काही ती म्हणाली नाही. तिला स्वतःचीच किळस आली, पण ती नेहमीची होती, तिच्यासाठी थांबून राहावं अशी नव्हती.

गंगापूर रोडवरच्या त्या दवाखान्यात ती गेली चार वर्षं येत होती. भिंतीभर बाळांचे फोटो, टोपल्यांत घातलेली, डोक्याला फुलांच्या पट्ट्या बांधलेली, मंडईत मांडल्यासारखी. रिसेप्शनवरची मुलगी दर वेळी विचारायची, “मॅडम, फर्स्ट इश्यू आहे ना तुम्हाला?” आणि दर वेळी स्नेहलला वाटायचं, आपली तिसरीतली मुलगी, मैत्री, जर ‘इश्यू’ असेल तर या मुलीला तिच्या आईने काय म्हणून वाढवलं असेल. प्रतीक्षागृहात बसताना ती मोबाइल पालथा ठेवायची, कारण पडद्यावर दात पडलेल्या मैत्रीचा फोटो होता. ज्यांना एकही नाही त्यांच्यामध्ये बसताना एक असल्याची लाज वाटायची, आणि बाहेर, ज्यांना दोन आहेत त्यांच्यात, एकच असल्याची. त्या दिवशी शेजारी चांदवडकडची एक बाई बसली होती, हातात कांद्याच्या मातीच्या रेघा, नवी कोरी साडी. तिने स्नेहलच्या पर्समधून डोकावणारी शाळेची वेळ छापलेली चिठ्ठी पाहिली आणि सरळ विचारलं, “तुमाला हाय का पोर?” “एक मुलगी आहे,” स्नेहल म्हणाली. “मंग हितं कशाला येता?” यात दुष्टपणा नव्हता. बाईला खरंच कळत नव्हतं. पंगतीत जेवून उठलेला माणूस पुन्हा पाटावर येऊन बसला तर वाढप्याने विचारावं तसं तिने विचारलं होतं. स्नेहलला त्या बाईचा राग आला नाही, कारण चार वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच तिला हा प्रश्न मनापासून विचारला होता. बाकीचे सल्ले देत होते. नणंद म्हणायची, “एक झालंय ना, मग दोष नाहीच, टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल.” शेजारच्या काकू म्हणायच्या, “मैत्रीला एकटं वाटत असेल, एकाला एक हवंच.” जणू पहिल्या मुलीसाठी खेळणं आणायला ती निघाली होती आणि दुकानात रांग होती. आणि ती ज्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची, जिथे पुस्तकांपेक्षा मोबाइल चार्ज करायच्या जागांना जास्त मागणी असायची, तिथे तिने या सगळ्या लोकांवर एकच उपाय शोधून ठेवला होता. कुणी विचारलं की मान किंचित उचलून म्हणायचं, “आम्ही एकावरच थांबलोय. ठरवून.” ते ऐकून समोरचं माणूस गप्प व्हायचं, काही जणी तर आदराने बघायच्या. आज आईच्या तोंडून तेच वाक्य ऐकताना तिला कळलं की तिने शब्दच नव्हे, मान उचलायची पद्धतही उचलली होती.

नवऱ्याची, राकेशची, सातपूरच्या कारखान्यात सकाळची पाळी होती म्हणून आई बरोबर आली होती. “मी येते, मला काय काम आहे घरी?” असं म्हणून नाशिकरोडहून बस बदलत, पाण्याची बाटली आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन. परतताना रिक्षात आई म्हणाली, “डॉक्टर हुशार वाटले.”

“हं.”

“पण स्नेहल, मी काय म्हणते, एकच असलं म्हणून बिघडतं काय? आपल्याकडे बघ. तू एकटीच होतीस. काही कमी पडलं का तुला? शिकलीस, नोकरीला लागलीस. तुझ्या बाबांनी आणि मी तेव्हाच ठरवलं होतं की—”

“तुम्ही फार छान बोलता, बाई,” स्नेहल म्हणाली.

शाळेत ती आईच्याच वर्गात होती, तिथे तिला बाकी मुलांसारखं ‘बाई’ म्हणावं लागे. घरात ती आई. सातवीनंतर घरात ‘बाई’ हा शब्द भांडणापुरता उरला होता, आणि तो कसा लागतो हे दोघींनाही माहीत होतं. आई बाहेर बघायला लागली. रिक्षावाल्याने आरशातून एकदा दोघींकडे पाहिलं. मुंबई नाक्यावर आई म्हणाली, “मला इथेच उतरवा हो दादा, मी बसने जाते.” उतरल्यावर तिने रिक्षात डोकं घालून सांगितलं, “मटकी भिजवलीय मी. उद्या मैत्रीला घेऊन ये. उसळ करते. तिला माझी उसळ आवडते, तुझी तिखट होते.” स्नेहल “बघू” म्हणाली. आई खांद्याला पिशवी लावून सिग्नलच्या गर्दीत शिरली. पिशवी निळ्या ठिपक्यांच्या जाड सुती कापडाची होती, धुऊन धुऊन ठिपके पांढरट झालेले. ती पिशवी दिसेनाशी होईपर्यंत स्नेहल बघत राहिली, आणि ती बघत होती ते आईकडे नव्हे, त्या कापडाकडे.

ते मालेगावचं कापड होतं. लहानपणी त्यांचं सगळं घर मालेगावच्या कापडाचं होतं. पडदे, उशांचे अभ्रे, ट्रंकेवरची झाकणं, स्नेहलचे फ्रॉक, मटकी बांधायचे फडके, भाकरीच्या टोपल्यातला रुमाल. शेजारणी कौतुक करायच्या, “पगारे बाईंना कापडाची फार हौस!” आईला कापडाची काही हौस नव्हती. तिसरी-चौथीत असताना आई तिला अधूनमधून रविवारी एसटीने मालेगावला न्यायची. चांदवड आलं की कांद्याचा वास गाडीभर भरायचा, आई तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायची, आणि मालेगावात उतरल्यावर यंत्रमागांच्या गल्ल्यांतून चालत त्या एका दाराशी जायच्या. दोन्ही बाजूंना माग चालू असायचे, जमीन थरथरायची, त्या खटखटीत बोललेलं ऐकू येत नसे, ओरडावं लागे. त्या दारात फुलाबाई नावाची एक लठ्ठ, हसरी बाई असायची. “तुनं नाव काय शे?” तिने पहिल्यांदा विचारलं होतं, आणि नाव ऐकल्यावर हातावर पेपरमिंटची गोळी ठेवून म्हणाली होती, “आठे बस, माय, पायरीवर. मायना पोटमा दुखस ना, तिले बरं करी देस.” आत जाताना आई फुलाबाईच्या हातातल्या वाटीतल्या तेलाकडे बघायची. जिने वर्गात कोऱ्या खडूने ‘अंधश्रद्धा’ हा शब्द लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या, जिने लग्नाआधीच सासरकडून देव्हारा काढायचं वचन घेतलं होतं, ती बाई फुलाबाईपुढे सतरंजीवर झोपायची आणि फुलाबाई तिचं पोट मळायची, सरकलेलं जागेवर आणायला. दाराच्या फटीतून एवढंच दिसायचं. आणि एकदा माग अचानक बंद पडले, बहुधा वीज गेली असावी, आणि त्या एकाएकी आलेल्या शांततेत स्नेहलला पायरीवर स्पष्ट ऐकू आलं. “घाबरू नको, माय, औंदा पोऱ्या व्हई,” फुलाबाई म्हणत होती. आणि आई म्हणाली, “मुलगाच नको मला. काहीही चालेल. एक दुसरं होऊ दे फक्त.” तो आवाज वर्गातला नव्हता. तो स्नेहलने पुन्हा कधी ऐकला नाही.

बाहेर आल्यावर आई थोडा वेळ पायरीवर टेकायची, कपाळाचा घाम पुसायची, आणि म्हणायची, “चल, आता कापड घेऊ.” मग त्या दुकानात जायच्या आणि आई अगदी मनापासून कापड घ्यायची. पन्हा मोजायची, रंग उन्हात नेऊन पाहायची, चार चिंध्या ओल्या करून घासायची, दुकानदाराशी भांडायची. परतीच्या एसटीत ती स्नेहलला विचारायची, “कुणी विचारलं कुठे गेला होतात, तर काय सांगशील?”

“मालेगावला.”

“कशाला?”

“कापड आणायला.”

“आणलं ना आपण?”

“आणलं.”

“मग खोटं आहे का ते?”

“नाही.”

“झालं तर मग.” आणि आई पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटायची. रोज सकाळी ती तथागतांच्या तसबिरीपुढे हात जोडून पंचशील म्हणायची, आणि खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं शील तिने तोवर कधी मोडलं नव्हतं. ते मोडू नये म्हणूनच एवढं कापड आणलं गेलं. असली तडजोड करायला शिक्षिकाच हवी, स्नेहल पुढे मोठेपणी म्हणायची, मनात. साधी बाई सरळ खोटं बोलून मोकळी झाली असती. बाबा प्रेसमधून आले की आई कापड उलगडून दाखवायची. बाबा बोटांनी पोत चाचपायचे, “छान आहे,” म्हणायचे, आणि दुसरं काही विचारायचे नाहीत. त्यांना माहीत असणारच. एकदा आईने शाळेला दांडी मारली, खोलीचं दार दिवसभर बंद राहिलं, आणि बाबांनी, ज्यांनी कधी चहाचा कप विसळला नव्हता, त्यांनी मोरी घासघासून धुतली आणि बादली अंगणापलीकडे नेऊन रिकामी केली. स्नेहलला त्या दिवशी शेजारी जेवायला पाठवलं. त्यानंतर मालेगाव बंद झालं. कापड तेवढं घरात उरलं.

आणि मग तो सत्काराचा दिवस आला. आरोग्य खात्याचा छोट्या कुटुंबाचा कार्यक्रम शाळेत झाला, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की पगारे बाईंना एकच मुलगी आहे. शाल, नारळ, चौकटीतलं प्रमाणपत्र. “एका मुलीवर थांबून यांनी समाजापुढे आदर्श ठेवला,” असं माइकवरून सांगितलं गेलं. आई खाली मान घालून उभी होती. ती काही बोलली नव्हती, तेव्हाही चौथं शील शाबूत होतं. पहिल्या रांगेत स्नेहल पिवळ्या चौकड्यांच्या मालेगावी फ्रॉकमध्ये टाळ्या वाजवत होती. आजी, बाबांची आई धोंडाबाई, जी येता-जाता “एका पोरीवरच नांगर टाकलाय या मास्तरणीनं” म्हणायची, ती त्या दिवसापासून गप्प झाली, कारण भिंतीवर आता चौकट होती आणि चौकटीला काय बोलणार? हळूहळू आईला त्या चौकटीची सवय झाली. पुढे कुणी विचारलं की ती गप्प राहण्याऐवजी बोलायला लागली. मग भाषणं करायला लागली. पेपरवाल्या लोकांना आवडतो तसला आदर्श ती होऊन बसली, आणि स्नेहलने त्या आदर्शाखाली लहानाची मोठी होताना एक गोष्ट नीट शिकून घेतली, की माणसं जे करता आलं नाही त्याला तत्त्व म्हणतात. एवढी एक अक्कल आपल्याकडे असल्याचा तिला गर्व होता. पुस्तकांतही ती तेच शोधायची, थोरामोठ्यांचं तत्त्वाखाली झाकलेलं सरकलेलं पोट.

दवाखान्यात जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकरोडच्या शेजाऱ्यांचा फोन आला. बाबा गेल्यापासून तिथे एकटीच राहणाऱ्या आईने दूध घेतलं नव्हतं, दार उघडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. ‘नसणार’ या शब्दावर सगळे किती पटकन समाधान मानतात, हे स्नेहलने पाहिलं. ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा ओट्यावर चाळणीत मटकी बांधून ठेवलेली होती, हिरव्या पट्ट्यांच्या मालेगावी फडक्यात. फडक्यातून मोड बाहेर आले होते, पांढरे, ओलसर, आतल्या खोलीत कुणी मेलंय हे न कळलेले. असलं काही पुस्तकात आलं की ती पेन्सिलने बाजूला फुली मारायची. लेखकाला मोह आवरला नाही, असं लिहायची. इथे कुणाला फुली मारायची हे तिला सुचलं नाही. तिने ते पुरचुंडीसकट फ्रिजमध्ये ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याला वास आला तेव्हा फेकून दिलं. फडकं मात्र धुऊन वाळत घातलं.

अग्नी तिनेच दिला. त्याचंही पुढे भाषण झालं. मग माणसं येत राहिली. पांढऱ्या साड्या, फरशीवरच्या सतरंज्या, चहा, आणि तीच ती वाक्यं, एखाद्या दुकानात एकच माल असावा तशी. त्यातलं सगळ्यात खपाऊ वाक्य होतं, “रडू नकोस, तुझी आईच आता तुझ्या पोटी येईल.” नणंद म्हणाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, कॉलेजमधली लेखनिक म्हणाली. देव्हारे काढून टाकलेल्या, पुनर्जन्मावर हसायला शिकलेल्या कॉलनीतल्या बायकासुद्धा म्हणाल्या, आणि म्हणताना तिच्या पोटाकडे बघून गेल्या. म्हणजे दवाखान्याच्या शीतपेटीत जो शेवटचा एक गोठवलेला गर्भ ठेवला होता, चार वर्षांच्या सुया आणि गोळ्या आणि रडण्याच्या शेवटी उरलेला, त्यात आता निवृत्त शिक्षिका मंगला पगारे यांनी शिरायचं होतं. येऊन काय करणार ती? पुन्हा भाषण? स्नेहल हसली, आणि ते हसू रडण्यात मोजलं गेलं, कुणीतरी पाठीवर हात फिरवला. चांदवडची शकू मावशी, आईची थोरली बहीण, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तीच एक काही बोलत नव्हती. शेवटी स्नेहलच पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळ बसली तेव्हा ती म्हणाली, “बाय, तुह्या दवाखान्याचं काय झालं?”

“मावशी, तुला कुणी सांगितलं?”

“तुह्या आईनं. दर रविवारी फोन करायची. पोरीला लय त्रास हाय म्हनायची. मी म्हनलं, तू सांग की तिला तुपलं. तर म्हने, सांगायचं राहून गेलं आता, आता ती मोठी झाली, हसंल मला.” मावशीने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. “हसली आसतीस का गं?”

हसली असती. नक्की हसली असती. चार वर्षं आई दर रविवारी मावशीला फोन करत होती आणि सोमवारी स्नेहलला डब्यातून चटणी पाठवत होती, आणि स्नेहल ती चटणी खाताना मनात म्हणत होती, ढोंगी. आई भीत होती ती धोंडाबाईला नव्हे, शेजारणींना नव्हे. ती वर्गातल्या एका हुशार मुलीला भीत होती.

त्या आठवड्यातच दवाखान्याचा फोन आला, गोळ्या चालू ठेवायच्या की नाही विचारायला. राकेश गॅलरीत कपडे वाळत घालत होता, आईच्या घरून आणलेलं ते फडकं हातात घेऊन. “काय करायचं?” त्याने विचारलं. “तू म्हणशील तसं.” चार वर्षं तो हेच म्हणत होता. तू म्हणशील तसं, तुला त्रास नको, तुझं शरीर आहे. इतकं समजूतदार वाक्य की त्याच्यावर डोकं आपटता येत नाही. “मी म्हणेन तसंच का?” ती म्हणाली. “तुला हवंय का?” तो फडकं चिमट्यात अडकवत राहिला. “हवंय,” तो म्हणाला, “पण मोठ्याने म्हटलं की होत नाही असं वाटतं.” आणि लाजला, कारखान्यात मशिनवर काम करणारा माणूस असलं काही बोलला म्हणून. स्नेहलने फोनवर सांगितलं, उद्या कळवते. उद्या आईच्या जलदानाचा, आदरांजलीचा कार्यक्रम होता.

कार्यक्रम नाशिकरोडच्या कॉलनीतल्या विहारात होता. भाड्याच्या खुर्च्या, समोर बाप्पांच्या ऐवजी बुद्धांची मूर्ती असली तरी तसाच लाल-पिवळ्या दिव्यांचा मोह कुणालातरी न आवरलेला, टेबलावर आईचा सत्काराच्या वेळचा फोटो, गळ्यात शाल. बौद्धाचार्यांनी त्रिशरण आणि पंचशील घेतलं, सगळी सभा त्यांच्या मागून म्हणत गेली, आणि खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा स्नेहलच्या लक्षात आलं की आपण आवाज काढलेला नाही, नुसते ओठ हलवले. मग आदरांजली सुरू झाली. आमच्यात माणूस गेल्यावर रडण्याइतकंच भाषण लागतं, तिने मनात म्हटलं. नगरसेवकाचा माणूस बोलला, बचत गटाच्या अध्यक्षा बोलल्या, महिला मंडळाच्या मोहिनीताई बोलता बोलता आपल्याच मुलाच्या नोकरीबद्दल सांगू लागल्या. माइक मधूनच किंचाळायचा. शेवटी निवृत्त मुख्याध्यापक किशोर निकम सर उठले, ज्यांनी कॉलनीतल्या एकाही मृताला भाषणाविना जाऊ दिलं नव्हतं. “पगारे बाई म्हणजे काय?” त्यांनी सभेलाच विचारलं. “पगारे बाई म्हणजे विचार! ज्या काळात मुलगा होईपर्यंत लोक थांबत नव्हते, त्या काळात या माउलीने एका मुलीवर थांबायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं! त्याच मुलीने काल-परवा अग्नी दिला. ही क्रांती आहे, मित्रहो. नाही तर आजच्या मुली बघा. एक असताना दुसऱ्यासाठी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतायत. पोटात सुया टोचून घेतायत. कशासाठी? हव्यास! बाईंकडून शिका म्हणावं.” सवयीने काही टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत राकेशने मान खाली घातली. मागच्या रांगेत म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या, आईबरोबर नोकरीला असलेल्या शिपाईबाया, शेजारणी, शकू मावशी. त्यांच्यातल्या एकीनेही टाळी वाजवली नव्हती. “आता बाईंची कन्या स्नेहलताई आभाराचे दोन शब्द बोलतील,” निकम सर म्हणाले आणि माइक तिच्याकडे झुकवला.

तिला आभार तयार होते. मंडळाचे, शेजाऱ्यांचे, बौद्धाचार्यांचे. ती उभी राहिली आणि तिला आईच्या फोटोतली शाल दिसली, आणि शालीखाली, फोटोच्या खालच्या कडेला, अर्धी कापली गेलेली पहिली रांग, आणि तिथे पिवळ्या चौकड्यांचा एक कोपरा. आपणच. टाळ्या वाजवत असणार. माइक तोंडाजवळ आला तेव्हा त्यातून आधी तिचाच श्वास सभेत ऐकू गेला.

“आईने एकावर थांबायचं ठरवलं नव्हतं,” ती म्हणाली.

आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही. निकम सर माइक नीट करायला सरसावले, “मोठ्याने बोल बेटा, ऐकू येत नाहीये,” आणि मागून शकू मावशी ओरडली, “आमाला येतंय ऐकू. सोडा तो डांब. बोल बाय.” मागच्या रांगेत कुणीही चकित झालं नव्हतं. एकदोघींनी मान हलवली, फार पूर्वीपासून माहीत असलेलं काही अखेर घरात आल्यासारखी. एवढ्या सगळ्यांना माहीत होतं, स्नेहलच्या मनात आलं, आणि एवढी वर्षं ती एकटीच शहाणी होती.

“तिला दुसरं मूल हवं होतं,” ती म्हणाली. “मुलगाच हवा होता असं नाही, काहीही चाललं असतं. नाही झालं. त्यासाठी ती पोट मळून घ्यायला मालेगावला जायची, आणि मी पायरीवर बसायचे. मला तेव्हापासून माहीत होतं. मी तिला कधी सांगितलं नाही की मला माहीत आहे. मी तिला हसत होते.” खुर्च्या करकरल्या. राकेशने वर पाहिलं. “सर, मला एक मुलगी आहे आणि मला दुसरं हवंय. चार वर्षं होत नाहीये. मी सगळ्यांना सांगते आम्ही ठरवून थांबलोय. थांबलेलो नाही. शेवटचं एक उरलंय, त्यासाठी मी परत जाणार आहे, आणि नाही झालं तर नाही झालं असं म्हणणार आहे, ठरवलं होतं म्हणणार नाही. आणि डॉक्टरांनी आईबद्दल पुन्हा विचारलं, तर माझ्या आईलाही होत नव्हतं, असं सांगणार आहे.” तिने माइक दोन्ही हातांनी धरला होता. “ती कापड आणायला गेली होती, असं नाही सांगणार.”